औषधांना दाद न देणारा क्षय आणि जोडीचा विषाणू

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात टुगेला फेरी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील चर्च ऑफ स्कॉटलंड रुग्णालयात जानेवारी २००५ ते मार्च २००६ या काळात क्षयाची शंका असलेल्या सुमारे दीड हजार रुग्णांची थुंकी तपासण्यात आली. त्यांपैकी ५४२ जणांच्या नमुन्यांत क्षयाचे जंतू वाढले. त्यातील २२१ जणांचे जंतू दोन मुख्य औषधांना जुमानत नव्हते आणि ५३ जणांचे जंतू तर दुसऱ्या फळीतील प्रमुख औषधांनाही दाद देत नव्हते. या ५३ पैकी ५२ रुग्ण दगावले. थुंकीचा नमुना घेतल्यापासून मृत्यूपर्यंतचा मध्यक काळ अवघा १६ दिवसांचा होता. त्यांतील ज्या ४४ जणांची एचआयव्हीची चाचणी झाली होती, ते सर्वच्या सर्व बाधित निघाले.

२००६ साली ही माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा जगभरच्या क्षयतज्ज्ञांना हादरा बसला. जंतूवर कोणती औषधे चालतात, हे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ठरवण्यास त्या काळी सहा ते आठ आठवडे लागत. म्हणजे अहवाल हाती येईतो बहुतेक रुग्ण हयात नसत. औषधप्रतिरोधक क्षयाला विषाणूची जोड मिळाली की सर्वांत आधी वेळ संपतो, हा टुगेला फेरीचा धडा आहे. या दुहेरी संसर्गाचे निदान, उपचार आणि प्रतिबंध यांविषयी गेल्या दोन दशकांत जे काही शिकायला मिळाले, ते बहुतांशी या धड्याभोवतीच फिरते.

प्रतिरोध कसा निर्माण होतो?

क्षयाच्या रुग्णाच्या शरीरात कोट्यवधी जंतू असतात. त्यांच्यात नैसर्गिक उत्परिवर्तनामुळे एखाद्या औषधाला न जुमानणारे मोजके जंतू आधीपासूनच असू शकतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हे मोजके जंतू मोकळे रान मिळाल्यासारखे वाढतात. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच दिसले होते. आरंभी सुधारलेले कित्येक रुग्ण पुढे पुन्हा खालावले, कारण त्यांच्या जंतूंवर औषध चालेनासे झाले होते. तेव्हापासून क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत पडली. आज नेहमीच्या क्षयावर आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायरॅझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे देऊन सहा महिन्यांचा उपचार केला जातो.

यांपैकी किमान आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोहोंना दाद न देणाऱ्या क्षयाला बहुऔषधप्रतिरोधक क्षय, म्हणजेच एमडीआर टीबी म्हणतात. त्याहून पुढची पायरी अतिप्रतिरोधक क्षयाची, अर्थात एक्सडीआर टीबीची होय. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या बदलली. रिफाम्पिसिनबरोबरच फ्लुओरोक्विनोलोन गटातील औषधांना, तसेच बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड यांपैकी किमान एका औषधाला न जुमानणारा क्षय आता या वर्गात मोडतो.

रुग्णाने औषधे अर्धवट सोडली म्हणून प्रतिरोध निर्माण झाला, असा सार्वत्रिक समज आहे. तो काही अंशीच खरा आहे. टुगेला फेरीच्या ५३ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांनी त्यापूर्वी क्षयाचे औषध कधीच घेतलेले नव्हते. त्यांना प्रतिरोधक जंतूच हवेतून मिळाला होता. दोष रुग्णाच्या माथी मारण्यापूर्वी ही बाब ध्यानात घ्यायला हवी.

विषाणू काय करतो?

एचआयव्हीमुळे क्षयाचा जंतू प्रतिरोधक बनत नाही. तो बदल जंतूच्या जनुकांत होतो. विषाणू शरीराची तटबंदी मोडतो. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरल्यावर निरोगी माणसाच्या संरक्षक पेशी त्याच्याभोवती गाठीसारखे कडे करतात आणि त्याला आत कोंडून ठेवतात. त्यामुळे संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर आजार होत नाही. आजार होण्याचे प्रमाण जन्मभरात सुमारे पाच ते दहा टक्के एवढेच असते. या कड्याचे नियंत्रण करणाऱ्या सीडी-४ पेशींवरच एचआयव्हीचा हल्ला होतो. उपचार न घेतलेल्या बाधित व्यक्तीत सुप्त क्षय जागा होण्याचा धोका वर्षाकाठीच दहा टक्क्यांच्या आसपास जातो. उलटपक्षी, सक्रिय क्षयामुळे एचआयव्हीची वाढही वेग धरते. दोन्ही रोग एकमेकांना असे हात देतात.

याचा सामाजिक परिणामही मोठा आहे. एरवी एका रुग्णाकडून दुसऱ्याला संसर्ग होऊन प्रत्यक्ष आजार दिसेपर्यंत अनेक वर्षे जाऊ शकतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्या लोकांच्या समूहात हेच अंतर काही आठवड्यांवर किंवा महिन्यांवर येते. साहजिकच प्रतिरोधक जंतूचा एखादा वाण अशा समूहात शिरला की थोड्याच अवधीत साथ उभी राहते.

थुंकीत न सापडणारा क्षय

क्षयाच्या निदानासाठी शंभराहून अधिक वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी पाहण्याची पद्धत वापरात होती. तीत जंतू दिसण्यासाठी थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारणतः पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. एवढे जंतू प्रामुख्याने फुप्फुसात पोकळ्या पडलेल्या रुग्णाच्या थुंकीत येतात. या पोकळ्या शरीराच्या तीव्र प्रतिक्रियेतून पडतात, आणि एचआयव्हीबाधिताचे शरीर तशी प्रतिक्रिया देऊ शकत नाही. परिणामी आजार गंभीर असूनही थुंकीचा अहवाल ‘निर्दोष’ येतो, एक्स-रे फसवा दिसतो आणि क्षय फुप्फुसाबाहेर, म्हणजे लसिकाग्रंथी, मेंदूची आवरणे किंवा रक्तात, पसरलेला असतो.

या कोंडीतून वाट काढली ती जनुकीय चाचण्यांनी. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेली एक्सपर्ट ही चाचणी आपल्याकडे सीबीनॅट या नावाने ओळखली जाते. ती क्षयाचा जंतू आहे का आणि त्यावर रिफाम्पिसिन चालेल का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दोन तासांच्या आत देते. मिलिलिटरमागे शे-सव्वाशे जंतू असले तरी ते तिला सापडतात. तिची सुधारित आवृत्ती त्याहूनही सूक्ष्म आहे. ट्रूनॅट ही याच जातीची चाचणी गोव्यातील मोलबायो या कंपनीने विकसित केली. बॅटरीवर चालणारे तिचे छोटे यंत्र लहान आरोग्य केंद्रांतही ठेवता येते. तिला २०२० साली जागतिक मान्यता मिळाली. थुंकी काढण्याचेही त्राण न उरलेल्या एचआयव्ही रुग्णांसाठी लघवीतील लॅम नावाचा घटक शोधणारी साधी पट्टी उपलब्ध आहे. तिच्यातून प्रतिरोधाची माहिती मात्र मिळत नाही.

रुग्णालयेच जेव्हा साथ पसरवतात

टुगेला फेरीच्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश जण आजारापूर्वीच्या काळात कुठल्या ना कुठल्या कारणाने रुग्णालयात राहून गेले होते. ज्यांच्या जंतूंची जनुकीय ओळख पटवण्यात आली, त्यांतील बहुतेकांचे जंतू एकाच वाणाचे निघाले. रुग्णांमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचाही समावेश होता. गर्दीचे कक्ष, बंद खिडक्या आणि शेजारशेजारच्या खाटांवर खोकणारा रुग्ण व एचआयव्हीबाधित रुग्ण, असे ते चित्र होते.

हा अनुभव अगदीच नवा नव्हता. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमधील रुग्णालये आणि तुरुंगांतही एचआयव्हीबाधितांमध्ये बहुऔषधप्रतिरोधक क्षयाच्या साथी उद्भवल्या होत्या. निदानानंतर काही आठवड्यांतच बहुसंख्य रुग्ण दगावत होते. त्यापूर्वीच्या दोन दशकांत त्या शहराने क्षय संपला असे मानून या कामावरील खर्च आखडता घेतला होता. साथ आटोक्यात आणताना त्याची किंमत कितीतरी पटींनी मोजावी लागली.

हवा खेळती ठेवणे हा यावरचा स्वस्त आणि परिणामकारक उपाय होय. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांत झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींमध्ये वायुवीजन अधिक चांगले आढळले. ठेंगण्या छताच्या नव्या कक्षांत ते कमी पडले, आणि खिडक्या उघड्या ठेवणे यांत्रिक वायुवीजनापेक्षाही सरस ठरले. जी गोष्ट कक्षाची, तीच घराची. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींच्या २०१८ मधील पाहणीत, इमारती एकमेकींना इतक्या खेटून असल्याने खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही व तेथे क्षयाचे प्रमाण अधिक आहे, असे दिसून आले.

दोन उपचारांचा मेळ

अशा रुग्णावर आधी क्षयाचा उपचार करावा की एचआयव्हीचा, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. आता त्याचे उत्तर स्पष्ट आहे. क्षयाची औषधे आधी सुरू करायची आणि पाठोपाठ एचआयव्हीवरील एआरटी द्यायची. नेहमीच्या क्षयात हे अंतर दोन आठवड्यांपर्यंतचे असावे. प्रतिरोधक क्षयात दुसऱ्या फळीतील औषधे सुरू झाल्यावर लवकरात लवकर, उशिरात उशिरा आठ आठवड्यांच्या आत, एआरटी सुरू करावी, मग सीडी-४ पेशींची संख्या कितीही असो. मेंदूच्या आवरणांच्या क्षयात मात्र घाई करत नाहीत. तेथे चार ते आठ आठवडे थांबावे लागते.

एआरटीने प्रतिकारशक्ती परतू लागली की काही रुग्णांची प्रकृती अचानक बिघडते. ताप चढतो, गाठी सुजतात, धाप वाढते. शुद्धीवर आलेले शरीर आतील जंतूंवर एकदम तुटून पडते, त्याचा हा दाह असतो. रुग्णाला वाटते की औषध बाधले, आणि तो दोन्ही उपचार सोडून देतो. ही शक्यता त्याला आधीच समजावून सांगितली तर हा धोका टळतो.

औषधांचे आपसातील वैर ही दुसरी अडचण. एचआयव्हीवरील एफाव्हिरेंझ हे जुने औषध बेडाक्विलिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर आणते, म्हणून ही दोन औषधे एकत्र देत नाहीत. लिनेझोलिड आणि झिडोव्हुडिन ही दोन्ही अस्थिमज्जेवर आघात करतात. ती एकत्र आल्यास रक्त झपाट्याने कमी होऊ शकते. कॅनामायसिनसारखी इंजेक्शने आणि टेनोफोविर यांची जोडी मूत्रपिंडांना घातक ठरू शकते, तर सायक्लोसेरिन आणि एफाव्हिरेंझ यांच्यामुळे मनावर परिणाम होण्याचे भय असते. डोल्युटेग्राविर हे औषध आल्यापासून हा गुंता बराच सुटला, कारण बेडाक्विलिनशी त्याचे चांगले जमते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२० पासून टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत देण्यास प्रारंभ झाला. तथापि, रुग्ण क्षयासाठी एका डॉक्टरकडे आणि एचआयव्हीसाठी दुसऱ्याकडे जात असेल, तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दिसलीच पाहिजे. एवढी साधी गोष्ट न घडल्यानेही उपचार फसू शकतो.

यकृतातील पाहुणे

विषाणूंचा विषय एचआयव्हीवर संपत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी हे काविळीचे विषाणू वर्षानुवर्षे यकृतात मुकाट्याने राहतात, आणि क्षयाची अनेक औषधे यकृताला त्रासदायक असतात. पायरॅझिनामाइड आणि इथिओनामाइड यांच्याबरोबरच बेडाक्विलिन व प्रिटोमॅनिड या नव्या औषधांतही यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. आधीच सुजलेल्या यकृतावर या औषधांचा भार पडला की कावीळ होते, औषधे थांबवावी लागतात आणि या खंडात जंतूला पुन्हा डोके वर काढण्याची संधी मिळते. पूर्वाश्रमीच्या सोव्हिएत संघातील देशांत तुरुंग आणि इंजेक्शनद्वारे घेतली जाणारी नशा यांमुळे प्रतिरोधक क्षय, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी हे तिन्ही रोग एकाच रुग्णात आढळतात. आपल्याकडे मणिपूरसारख्या राज्यात इंजेक्शनच्या नशेतून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांची जोडी पसरली.

यातही दिलाशाच्या बाबी आहेत. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी, साधारणतः तीन महिन्यांत बरा होतो. एआरटीतील टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही औषधे हिपॅटायटिस बीवरही काम करतात. मात्र त्याच कारणाने ती अचानक बंद केल्यास तो विषाणू उसळून येतो. क्षयाचा उपचार सुरू करण्यापूर्वी या दोन्ही विषाणूंची रक्तचाचणी झालेली असणे म्हणूनच हिताचे असते.

भारत आणि महाराष्ट्र

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे साडेबारा लाख लोक क्षयाने मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १ लाख ६१ हजार एचआयव्हीबाधित होते. त्याच वर्षी सुमारे चार लाख लोकांना बहुऔषधप्रतिरोधक किंवा रिफाम्पिसिनप्रतिरोधक क्षय झाला आणि त्यांतील जवळपास २७ टक्के भारतात होते. या चार लाखांपैकी निम्म्याहून कमी रुग्णांपर्यंत योग्य उपचार पोहोचला. दक्षिण आफ्रिकेच्या तुलनेत आपल्याकडे एचआयव्हीचे प्रमाण पुष्कळच कमी आहे. परंतु प्रतिरोधक क्षयाचा बोजा प्रचंड असल्याने हा दुहेरी संसर्ग येथेही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

क्षय आणि एचआयव्ही या दोन स्वतंत्र कार्यक्रमांची सांगड घालण्याचे काम २००१ साली महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाले. प्रतिरोधक क्षयावरील ‘डॉट्स प्लस’ उपचार २००७ मध्ये प्रथम गुजरात आणि महाराष्ट्रात मिळू लागले. मुंबईत त्याच सुमारास डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने एचआयव्ही आणि प्रतिरोधक क्षय असे दोन्ही आजार असलेल्या रुग्णांवर, त्यांना रुग्णालयात दाखल न करता, वस्तीत राहूनच उपचार करण्याचा प्रयोग केला. समुपदेशन, आहार आणि घरच्यांची साथ मिळाली तर झोपडपट्टीतील रुग्णही हा खडतर उपचार पार पाडू शकतो, हे त्यातून दिसले. पुढे २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी उपलब्ध असलेल्या सर्वच औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले आणि मुंबईचे नाव जगभर झाले. २०१२ च्या मे महिन्यात क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणे देशभर बंधनकारक झाले. बेडाक्विलिन २०१६ साली ज्या निवडक केंद्रांत प्रथम मिळू लागले, त्यांत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाचा समावेश होता.

सोळा दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत

औषधांच्या बाबतीतली मोठी उलथापालथ पुन्हा दक्षिण आफ्रिकेतच झाली. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड आणि लिनेझोलिड या तीन औषधांचा सहा महिन्यांचा उपचार तेथील तीन केंद्रांत १०९ रुग्णांवर करून पाहण्यात आला. हे सर्व अतिप्रतिरोधक क्षयाचे, अथवा आधीचे उपचार न लागू पडलेले किंवा न सोसलेले रुग्ण होते. त्यांतील जवळजवळ निम्मे एचआयव्हीबाधित होते. २०२० साली निष्कर्ष जाहीर झाले. उपचार संपून सहा महिने झाल्यावर ९० टक्के रुग्ण बरे होते, आणि बाधित व अबाधित यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. टुगेला फेरीशी याची सरळ तुलना करता येणार नाही. तेथील रुग्णांच्या सीडी-४ पेशी फारच खालावलेल्या होत्या, तर या अभ्यासात ५० हून अधिक पेशी असलेल्यांनाच घेतले होते. शिवाय लिनेझोलिडमुळे पाचांपैकी चौघांना हातापायांत मुंग्या-बधिरपणाचा त्रास झाला. त्याची मात्रा पुढे कमी करण्यात आली. तरीही ज्या आजारात एकेकाळी जगण्याची आशाच नव्हती, तेथे हे यश असामान्य होय. या तिघांना मॉक्सिफ्लॉक्सासिनची जोड देणारा उपचार जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये स्वीकारला आणि भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली.

ही औषधे परवडण्याजोगी होण्यासाठीही लढा द्यावा लागला. बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवू पाहणारा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्यावर हरकत घेणाऱ्या होत्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. क्षयातून वाचताना उपचारांच्या दुष्परिणामांनी या दोघींचीही श्रवणशक्ती हिरावून घेतली होती.

परंतु निश्चिंत व्हावे अशी स्थिती नाही. बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतू दक्षिण आफ्रिकेसह अनेक देशांत आढळू लागले आहेत. त्यांची परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळा अजून मोजक्याच आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावली आणि आफ्रिकेतील क्षय-एचआयव्ही कार्यक्रमांना त्याची झळ पोहोचली. न्यूयॉर्कचा अनुभव पाहता अशा कपातीचे परिणाम काही वर्षांनी दिसतात.

रुग्णाने व नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे असे

* दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असल्यास तपासणी करावी. एचआयव्हीबाधिताने दोन आठवडे वाट पाहू नये. यांपैकी कोणतेही लक्षण एक दिवस असले तरी डॉक्टरांना सांगावे.
* सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीत जंतू दिसले नाहीत म्हणून क्षय नाही असे मानू नये. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणीची मागणी करावी. ती सरकारी केंद्रांत विनामूल्य होते.
* क्षयाचे निदान होताच एचआयव्हीची, आणि एचआयव्हीचे निदान होताच क्षयाची तपासणी व्हावी. हिपॅटायटिस बी आणि सीची चाचणी त्याच वेळी उरकून घ्यावी.
* चालू असलेल्या सर्व औषधांची यादी जवळ बाळगावी आणि प्रत्येक डॉक्टरला ती दाखवावी.
* औषधाने त्रास झाल्यास ते परस्पर बंद करू नये. पिवळे डोळे, हातापायांचा बधिरपणा, दृष्टी मंदावणे, छातीत धडधड किंवा चक्कर यांची खबर त्याच दिवशी डॉक्टरांना द्यावी.
* निक्षय पोषण योजनेनुसार क्षयरुग्णास आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आली. त्यासाठी नोंदणी झाली आहे ना, याची खात्री करावी.
* घरातील खिडक्या उघड्या ठेवाव्यात. रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल वा मास्क धरावा. घरातील लहान मुले आणि एचआयव्हीबाधित व्यक्ती यांची तपासणी प्राधान्याने करून घ्यावी.

क्षयाचा रुग्ण आजही शेजाऱ्यांपासून आजार लपवतो, आणि एचआयव्हीबाधित तर प्रसंगी घरच्यांपासूनही. ज्याला दोन्ही आजार आहेत त्याला दोन्हींची लाज वाहावी लागते, आणि या लपवालपवीत जाणारे दिवस त्याच्याच आयुष्यातून वजा होतात. दोन तासांत निदान करणारी यंत्रे आणि सहा महिन्यांत बरे करणारी औषधे आता आहेत. रुग्ण पहिल्या आठवड्यातच त्यांच्यापर्यंत पोहोचेल एवढा विश्वास त्याला वाटेल, हे पाहण्याची जबाबदारी आरोग्य खात्याइतकीच त्याच्या भोवतालच्या माणसांचीही आहे.